रकान्यातली आडवी रेघ

हिंगोलीच्या कोर्टासमोर, पत्र्याच्या शेडखाली दत्तोपंत अडतीस वर्षं बसले. अर्ज लिहायचे, शपथपत्रं लिहायचे, वारसाचे दाखले, नकलांच्या मागण्या, जे म्हणाल ते. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराची तारीफ साऱ्या तालुक्यानं केली. पण त्यांची खरी हातखंडा चीज निराळीच होती, आणि ती होती त्यांची रेघ. फॉर्ममधला जो रकाना लागू नाही त्यात पंत एक आडवी रेघ मारायचे. पट्टी नाही, काही नाही, नुसता हात फिरवायचा आणि रेघ सरळ. समोर बसलेल्या माणसाला विचारण्याची गरजही त्यांना पडत नसे. माणसाचं धोतर, लुगडं, पायातली चप्पल बघितली की पंतांना कळायचं, ह्याचा ई-मेल नाही, हिचा पॅन नाही, ह्याचा फॅक्स नाही. मारली रेघ. म्हणायचे, "तीन तासांत वीस माणसं आवरायची तर प्रत्येकाची मुलाखत घेत बसू का?" बरोबरच होतं म्हणा. वीसच्या वीस माणसांत रेघ चुकल्याची तक्रार अडतीस वर्षांत एकदाही आली नव्हती.

आली ती डिसेंबरातल्या एका मंगळवारी, आणि घेऊन आली गोजरबाई.

गोजरबाई कऱ्हाळे ही कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यातली. दोन एकर हळद आणि सोयाबीन. नवरा सटवाजी जुन्या आजारात गेला, आणि सात वर्षांपूर्वी तिचा चोवीस वर्षांचा मुलगा विश्वंभर मोटरसायकलवर घरी येत असताना नाक्यावर ट्रकखाली सापडला. मागं उरली ती बाई आणि धाकटी पोरगी पुनम. ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लागला. वकिलांनी तो सहा वर्षं चालवला, अखेर निकाल लागला. भरपाई मिळाली आणि सहा वर्षांचं व्याजही. पैसे जमा करण्याआधी कंपनीनं दावेदाराची माहिती मागवली, नाव, पत्ता, खाते नंबर वगैरे. तो कागद वकिलांच्या कारकुनानं पंतांकडं पाठवला आणि पंतांनी भरून दिला.

त्या दिवशी गोजरबाईनं विचारलं होतं, "पंत, ह्या पैशाला सरकार हात लावंल का? गावात म्हनून राहिले, तिसरा हिस्सा सरकार कापते."

पंत हसले होते. "गोजरबाई, पोरगा गेला त्याची ही भरपाई आहे. ही काही कमाई नाही. कमाईवर कर लागतो. ह्यातला एक पैसा कुणी कापणार नाही. माझा शब्द."

माझा शब्द! शेडखाली बसलेल्या चार माणसांनी ऐकला होता तो शब्द. बाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी म्हनता म्हंजे बराबर."

आणि आता ती मंगळवारी समोर उभी होती. पासबुक उघडून धरलेलं. कोर्टानं बरीचशी रक्कम पाच वर्षांच्या मुदत ठेवीत बांधून ठेवली होती, तिला हात लावता येत नव्हता. हाती आलेल्या पैशातून पुनमचं नांदेडचं नर्सिंगचं पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षाची फी पासष्ट हजार, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरायची. ती काढायला बाई बँकेत गेली तर खात्यात अकरा हजार.

"मी म्हनलं, साहेब, दुसऱ्या वर्षाचे पैशे असायला पायजेत. वकील साहेबांनी आकडा सांगितलता, मी बोटावर मोजून ठेवलता. तं साहेब म्हनला, मावशी, जमाच कमी झाले. कंपनीनं कापून पाठवले." ती थांबली. "पंत, तुमी तं म्हनले व्हते एक पैसा कापत न्हाईत."

"कापत नाहीत," पंत म्हणाले. आवाज तोच होता, पण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. "बँकेच्या पोरांना काय कळतं? कागद आणलाय का?"

तिनं पिशवीतून कागद काढला. वकिलांकडून मिळालेला जमाखर्चाचा तक्ता. पंतांनी चष्मा नाकावर सरकवला. मूळ भरपाई पुरी होती. व्याज होतं. आणि व्याजाच्या खाली एक ओळ होती, वजा टीडीएस, अठ्ठ्याहत्तर हजार. पंतांनी ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही.

"काय लिवलंय?"

"बघतो मी. ऑफिसात चौकशी करावी लागेल. तुम्ही गुरुवारी या."

"गुरवारी येते. पुनमला काय सांगू?"

"सांगा, काळजी करू नको."

बाई गेली. पंत मात्र काळजीत पडले, आणि अशी काळजी की समोरच्या माणसाचा शेतरस्त्याचा अर्ज लिहिताना त्यांनी तालुका सेनगावऐवजी वसमत लिहिला. माणूस म्हणाला, "पंत, तब्येत बरी न्हाई का?" पंतांनी त्यालाच झापलं.

दुपारी ते मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर अनुश्रीच्या कचेरीत गेले. अनुश्री सी.ए., पंतांच्या शेजारची पोर. परकराच्या वयात पंतांच्या अंगणात फुगडी खेळलेली. आता तिच्या दारात हळदीचे व्यापारी चपला काढून बसत होते. तिनं तक्ता घेतला, अर्ध्या मिनिटात वाचला.

"काका, तुम्ही बाईंना सांगितलंत ते निम्मं खरं आहे. माणूस गेल्याची जी मूळ भरपाई, तिच्यावर कर नाही. ते उत्पन्नच नाही. पण निकाल लागेपर्यंतचं व्याज धरलं ना कोर्टानं? व्याज म्हटलं की कंपनी कात्री बाहेर काढते. त्या व्याजावर खरंच कर लागतो का, ह्यावर मोठमोठ्या कोर्टांत भांडणं झालीत. हायकोर्टानं अशा लोकांच्या बाजूनंही निकाल दिलाय. पण कंपनी आधी कापते, मग तुम्ही भांडा."

"म्हणजे गेले?"

"जायचं काय कारण? बाईंना दुसरं उत्पन्न काय? शेती. म्हणजे त्यांना कर लागतच नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं की कापलेले सगळे परत. फक्त एकतीस डिसेंबरच्या आत भरायला हवं."

पंतांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचा कागद हलला. "अगं मग आधी सांगायचं नाही का! भर की मग."

अनुश्रीनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. वीस टक्के कापलेत. साधारण दहा कापतात. वीस कापतात ते पॅन दिलं नसलं तर. बाईंना पॅन नाही?"

"नाही," पंत म्हणाले. म्हणाले आणि त्यांच्याच कानाला ते कसं तरी लागलं.

"तिथं सगळं अडतं, काका. पैसे सरकारात गेले, पण कोणाच्या नावावर? कोणाच्याच नाही. पॅन नाही म्हणजे नाव नाही. विवरण भरलं तरी ते म्हणतील, तुमच्या नावावर काहीच कापलेलं नाही, परत काय मागता?"

"पॅन आत्ता काढू. आजकाल लगेच निघतं म्हणे."

"निघतं. पण कापल्यानंतरचं. कंपनी म्हणेल, तेव्हा बाईंकडं पॅन नव्हतंच, आम्ही नियमानं कापलं, आता काय दुरुस्त करू? हात जोडायचे, पत्र लिहायचं, वाट बघायची. तोवर एकतीस तारीख गेली की आणखी खेटे. तेव्हाचं जुनं पॅन असतं तर मी उद्याच कंपनीला खडसावून दुरुस्ती करून घेतली असती. चार दिवसांचं काम." तिनं पुढं विचारलं, "कंपनीला माहिती कोणी दिली? कॉपी आहे का? त्यांनी पॅन मागितलं तरी होतं का, बघू."

कॉपी पंतांच्या बॅगेत होती. पंत प्रत्येक कागदाची कॉपी ठेवायचे, त्याचाही त्यांना अभिमान. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. कंपनीनं मागितलं होतं. छापील रकाना होता, 'पॅन क्रमांक'. त्याच्या पुढं एक आडवी रेघ. सुरेख, सरळ, पट्टीशिवाय मारलेली.

अनुश्रीनं ती रेघ जवळ घेऊन बघितली. तिला अक्षर ओळखीचं होतं. शाळेत तिच्या वह्यांवर नाव ह्याच माणसानं घातलं होतं.

घरी प्रेमाताईंनी चहा समोर ठेवला तो थंड झाला. पंतांनी सांगितलं तेव्हा निम्मंच सांगितलं, आणि निम्मं ऐकूनच प्रेमाताईंना पूर्ण कळलं. चाळीस वर्षांचा संसार होता तो.

"तुम्ही विचारलं नव्हतं?"

"अगं, त्या बाईला सही येत नाही. अंगठा लावते. तिला पॅन कुठलं असणार?"

"मी विचारते ते निराळं आहे. तुम्ही विचारलं होतं का नव्हतं?"

पंतांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "नव्हतं."

"मग तिला सांगा तसं."

"सांगून काय होणार? मी माझ्या ठेवीतून देतो पासष्ट हजार. पोरीची फी भागेल. तिला म्हणतो, सरकारनं परत दिले."

"वा!" प्रेमाताई उठल्या. "म्हणजे रेघही तुमची, थापही तुमची, आणि वरून दानशूर! द्या पैसे, मी अडवत नाही. पण आधी सांगा. तिच्या पोराच्या जिवाचे पैसे आहेत ते. त्यांची वाट कुठं चुकली हे तिला कळायला नको?"

पंतांना ते पटलं. पण पटणं आणि करणं ह्यात कयाधू नदीएवढं अंतर असतं. बुधवारचा दिवस त्यांनी कसाबसा काढला. प्रत्येक फॉर्म उघडला की रकाने डोळ्यांपुढं यायचे, आणि रेघ मारायला उचललेला हात तिथंच थांबायचा. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "आबा, तुमचा ई-मेल आहे का?" म्हाताऱ्यानं आधी पंतांकडं, मग शेजारच्या माणसाकडं बघितलं आणि खोऽखो हसला. पंतांना हसू आलं नाही. अडतीस वर्षांत किती रेघा मारल्या असतील? त्यातल्या किती बरोबर होत्या? हा हिशोब कुठल्याच कॉपीत मिळणार नव्हता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला त्यांना डेपोकडून गोजरबाई येताना दिसली. हिरवं लुगडं, खांद्यावर पिशवी, पायांत घाई. आणि काय सांगावं, अडुसष्ट वर्षांचा हा इज्जतदार माणूस चटकन उठला, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरला आणि मशीनमागं जाऊन उभा राहिला! दुकानदार उकंडराव म्हणाला, "काय पंत, नक्कल पायजे का?" पंतांनी त्याला हातानंच गप्प केलं.

मशीनच्या फटीतून त्यांना सगळं दिसत होतं. गोजरबाईनं इकडं तिकडं बघितलं. रिकामी खुर्ची बघितली, टेबलावर तशीच टाकलेली पंतांची बॅग बघितली. मग ती बाजूच्या स्टुलावर टेकली. एक बकरी टेबलावरचे कागद हुंगायला आली, तर बाईनं तिला हाकललं. वारा आला तेव्हा वरच्या कागदावर तिनं पेपरवेट ठेवलं. दोन माणसं पंतांना शोधत आली, तर तिनं सांगितलं, "यीतच आसतील. बॅग हितंच हाय, माणूस कुठं जाईल? बसा." अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ती आपल्या पोरीच्या फीची चिंता उरात घेऊन पंतांच्या कागदांची राखण करत बसली होती.

पंतांना मशीनमागं उभं राहवेना. लाज एवढी वाटली की ती पायांतून वर चढत कानापर्यंत आली. ते बाहेर आले, सरळ टेबलापाशी गेले, आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच बोलू लागले. बसलो तर बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"गोजरबाई, अठ्ठ्याहत्तर हजार कापलेत. कर नव्हता तरी कापलेत. परतही मिळाले असते. पण कंपनीनं पॅन नंबर मागितला होता, तिथं मी रेघ मारली, म्हणून ते कोणाच्याच नावावर पडले नाहीत. चूक सरकारची नाही, बँकेची नाही. माझी आहे. ही बघा."

त्यांनी कॉपी समोर धरली. रेघेवर बोट ठेवलं.

गोजरबाईनं बोटाकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळायला वाचता कशाला यावं लागतं?

"ह्यातनं पैशे गेले?"

"ह्यातनं."

"एवढ्याशा रेघंतनं?"

"हो."

बाईचा चेहरा लालबुंद झाला. शेडखालची माणसं वळून बघू लागली. "आन् मी पुनमला सांगून राहिले, काळजी करू नको, पंतांनी शब्द दिलाय! पोरगी तिकडं मेसचं एक येळचं जेवून राहिली, पैशे वाचवायला! तुमी मोठे मानसं. तुमच्या हातून रेघ निघती, आन् आमच्या घरातली चूल इझती!"

"फीचे पैसे मी देतो," पंत म्हणाले.

"तुमचे कशाला? माझ्या लेकराचे कुठं हायेत ते सांगा." तिनं डोळे पुसले, दम घेतला. मग कागद जवळ ओढून त्या रेघेकडं पुन्हा बघितलं. "हितं काय लिवायचं व्हतं म्हनलं?"

"पॅनचा नंबर. पॅन कार्ड. ते तुमच्याकडं नव्हतं, असं मी…"

"न्हाई कोन म्हनलं?"

पंतांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडं बघितलं.

"माझ्याकडं हाय की! माझ्या विश्वंभरनं काढून दिलतं, तो गेला तेच्या आदल्या साली. हळद हिंगोलीच्या मोंढ्यात आनली, पैशे खात्यात घ्यायचे, तवा म्हनला, माय, हे कार्ड तुझ्या नावाचं. ट्रंकंत ठिवलंय, पिवळ्या फडक्यात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत त्या दिवशी?"

"तुमी ईचारलं कवा?" ती म्हणाली. आता आवाजात राग नव्हता, आणि पंतांना तेच जास्त लागलं. "तुमी लिवत व्हते. मला वाटलं, शानं मानूस, तेला म्हायती आसंल."

पंत खुर्चीत बसले. "जुनं पॅन असेल तर पैसे परत मिळतील. अनुश्री म्हणाली, चार दिवसांचं काम. गोजरबाई, आत्ता उठा. पुढच्या गाडीनं जा आणि कार्ड घेऊन या. आज नाही तर उद्या सकाळी. दिवस फार थोडे आहेत."

"कार्ड कशाला? नंबर पायजे ना?"

"नंबर तर कार्डावरच…"

"नंबर मला पाठ हाय."

उकंडराव झेरॉक्सच्या दुकानातून मान बाहेर काढून ऐकत होता.

"तेनं पाठ करून घेतलता. मी भाकरी थापून राहिले, आन् तो चुलीजवळ बसून सांगून राहिला. म्हने, माय, तुला वाचता येत न्हाई, कार्ड हरपलं तं काय करशील? नंबर हरपायचा न्हाई. चुकलं की पुन्यांदा म्हनायला लावायचा. आठ दिस लावलतं. मंग तो गेला. मी रोज सकाळी म्हनते. देवाचं नाव घ्यायच्या आधी म्हनते. तेच्या तोंडातलं तेवढंच माझ्याजवळ ऱ्हायलंय."

पंतांनी कोरा कागद ओढला. वर कंपनीचं नाव लिहिलं, विषय लिहिला, दुरुस्तीबाबत. मग पॅन क्रमांक असं लिहून पुढं पेन टेकवलं आणि वर बघितलं. अडतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी अशा बाईला पहिल्यांदा विचारला.

"सांगा. काय आहे तुमचा नंबर?"

गोजरबाईनं डोळे मिटले, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. "ए. एफ. क्यू. पी. के," ती म्हणाली, एकेक अक्षर सावकाश, आणि पुढचे चार आकडे, आणि शेवटचं अक्षर. कुठं अडखळली नाही. सात वर्षं ती हा नंबर जिभेवर घेऊन फिरत होती. त्या दिवशीही तो घेऊनच ती ह्याच स्टुलावर बसली होती, पंतांपासून हातभर अंतरावर, आणि त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं.

लिहिता लिहिता पंतांच्या डोळ्यांना धारा लागल्या. अक्षर बिघडलं, के वाकडा आला.

"पंत, पानी पाडू नका कागदावर," गोजरबाई दटावून म्हणाली. "आन् लिवलं ते वाचून दावा एकदा."

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दहाच्या दहा खुणा मोठ्यानं वाचून दाखवल्या. बाई ओठ हलवत ताडून बघत होती.

"बराबर हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकराचं कवा चुकत नव्हतं."